जुना डिझेल पिकअप सुरू होत नाही? पंपाला हात लावण्याआधी हे तपासा

जुन्या डिझेल इंजिनाला सुरू व्हायला तीनच गोष्टी लागतात. इंजिन पुरेशा वेगानं फिरलं पाहिजे, सिलिंडरातली हवा दाबून पुरेशी तापली पाहिजे आणि नेमक्या क्षणी नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा आला पाहिजे. स्पार्क प्लग नाही, कॉइल नाही, नोझलला दाबानं डिझेल पुरवणारा पंप मेकॅनिकल असेल तर गाडीत कॉम्प्युटरही नाही. त्यामुळे दोष शोधणं अवघड नसतं, फक्त क्रम पाळावा लागतो. क्रम सोडला की पहिला संशय पंपावर जातो. पंप उतरवला जातो, कॅलिब्रेशन करून परत बसवला जातो, आणि गाडी तशीच उभी राहते. खरा दोष टाकीपासून पंपापर्यंतच्या एखाद्या तडकलेल्या रबरी नळीत असतो. पंप हा या सगळ्यातला अत्यंत टिकाऊ भाग आहे, त्याची पाळी शेवटी.

इथे लिहिलेलं सगळं मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांसाठी आहे, मग पंप इनलाइन (प्रत्येक सिलिंडरला वेगळा दट्ट्या) असो की रोटरी (एकच पंप सगळ्यांना वाटून देतो). कॉमन रेल गाडीला (सगळ्या नोझलना एकाच सामाईक पाइपमधून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं) बॅटरी, सेल्फ (स्टार्टर मोटर) आणि फिल्टरपर्यंतचा भाग लागू पडतो, पण नोझलचे पाइप सैल करण्याची पद्धत तिथे अजिबात वापरू नका. रेलमधला दाब हजार बारच्याही पुढे जातो.

आधी ऐका, मग धूर बघा

गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली ठोकळा. एकानं सेल्फ मारायचा, दुसऱ्यानं सायलेन्सरच्या तोंडाकडे बघायचं. सेल्फ एका वेळी १० ते १५ सेकंदच, मग एक-दोन मिनिटं थांबा. सलग मारत राहिलात तर बॅटरी उतरतेच, शिवाय सेल्फचं वाइंडिंग तापून जळतं आणि मूळ दोषाला दुसरा दोष जोडला जातो.

सेल्फ फिरतच नसेल किंवा जड, आचके देत फिरत असेल, तर काम विजेच्या बाजूचं आहे. डिझेलकडे बघूच नका. सेल्फ जोमात फिरतोय पण सायलेन्सरमधून धुराचा मागमूस नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही. जोमात फिरतोय आणि पांढरा किंवा राखाडी धूर येतोय, म्हणजे डिझेल पोहोचतंय पण पेटत नाही. या एका निरीक्षणानं निम्मी गाडी तपासायची वाचते.

आणखी एक आवाज ओळखायला शिका. निरोगी डिझेल इंजिन सेल्फवर फिरताना प्रत्येक सिलिंडरचा दाब ठेक्यानं ऐकू येतो. तो ठेका नाहीसा होऊन इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सरसर फिरू लागलं, तर ताबडतोब थांबा. टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. ऑईल भरायचं झाकण उघडून आत रॉकर किंवा कॅम हलतो का ते बघा. ज्या इंजिनांत कॅम तिथून दिसत नाही, तिथे बेल्टचं वरचं कव्हर काढा. कॅम फिरत नसेल तर पुन्हा सेल्फ मारू नका, कारण व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आपटतात. अशा गाडीला धक्का मारणंही वर्ज्य.

बॅटरी आणि केबल

मल्टिमीटर लावा. कित्येक तास उभ्या असलेल्या गाडीच्या चांगल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट किंवा थोडे जास्त दिसतात. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. पण उभ्या गाडीवरच्या आकड्यानं समाधान मानू नका. सेल्फ फिरत असताना तो आकडा ९.५ च्या खाली गेला तर बॅटरी कमजोर आहे किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर करंट खेचतोय. दिवे लख्ख लागतात, हॉर्न वाजतो, म्हणून बॅटरी चांगली असं समजू नका. हेडलाइटच्या जोडीला दहा अँपिअर लागत असतील तर डिझेलच्या सेल्फला दोनशे-तीनशे लागतात.

वेग एवढा महत्त्वाचा का, हे समजून घ्या. डिझेल पेटतं ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं. इंजिन सावकाश फिरलं की हवा रिंगांवरून निसटायला आणि तिची उष्णता थंड भिंतींत मुरायला वेळ मिळतो. मिनिटाला सुमारे १५० फेऱ्यांच्या खाली बहुतेक इंजिनं पेट घेत नाहीत, थंडीत त्याहून जास्त लागतात. म्हणून ‘सेल्फ फिरतोय की’ एवढ्यावर भागत नाही.

आता ती चाचणी, जी बहुतेक जण करत नाहीत आणि जिथे दोष सर्वाधिक सापडतो. आधी इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था करा: स्टॉपची (इंजिन बंद करायची) केबल ओढून धरा किंवा पंपावरच्या सोलेनॉइडची (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) वायर काढा. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर लावा, क्लँपवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटीवर. काळं टोक सेल्फच्या त्या जाड बोल्टवर, जिथे बॅटरीची केबल येते. सेल्फ मारा. मीटरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर तेवढे व्होल्ट केबल आणि जोडांतच खर्ची पडताहेत. मग काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून पुन्हा तेच करा. इथे ०.३ पेक्षा जास्त नको. हिशेब सोपा आहे: २५० अँपिअर वाहत असताना ०.००४ ओहम एवढासा अडथळाही पुरा एक व्होल्ट खातो. आणि हा अडथळा साध्या ओहम मीटरवर दिसत नाही. केबलच्या पन्नास तारांपैकी दोन शाबूत असल्या तरी तो ‘जोडणी ठीक’ म्हणतो.

निगेटिव्हच्या बाजूला इंजिन आणि चासी यांना जोडणारी विणलेली अर्थिंगची पट्टी असते. ती खालच्या बाजूला, चिखलापाण्यात असते आणि आतून हिरवी पडून कुजते. ती तुटली की करंट परतीची दुसरी वाट शोधतो: ॲक्सिलरेटरची केबल, हँड थ्रॉटलची तार, अगदी डिझेलचा धातूचा पाइपही. सेल्फ मारल्यावर ॲक्सिलरेटरची केबल हाताला गरम लागली किंवा तिच्यावरचं प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं, तर पुढचं काही न तपासता अर्थिंग बदला.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर क्लँप काढा, निगेटिव्ह आधी. गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नका. खुंटी आणि क्लँपची आतली बाजू चकाकेपर्यंत पॉलिश पेपरनं घासा, घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन आणि मग क्लँप असं करू नका.

केबल ठीक असूनही सेल्फ फिरत नसेल तर आवाजावरून ठरवा. पटापट ‘टकटकटक’ म्हणजे व्होल्टेज कमी. एकच ठणठणीत ‘ठक्’ आणि पुढे शांतता म्हणजे सेल्फवरच्या सोलेनॉइडच्या (सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्विच) आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट झिजलेत किंवा कार्बन ब्रश संपलेत. सेल्फ घुर्रकन फिरतो पण इंजिन जागचं हलत नाही, म्हणजे बेंडिक्स (सेल्फला इंजिनाच्या दात्यांत अडकवणारा भाग) घसरतोय. काहीच आवाज नसेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरवर चावी फिरवताना १२ व्होल्ट येतात का ते बघा. येत नसतील तर दोष चावीच्या स्विचमध्ये, रिलेत किंवा क्लच पेडलच्या स्विचमध्ये.

एक धोक्याची खूण: सेल्फ अर्धा फेरा मारून दगडावर आपटल्यासारखा थांबतो. असं झालं तर जोर लावू नका. सिलिंडरात पाणी किंवा डिझेल साचलेलं असू शकतं आणि द्रव दाबला जात नाही, वाकतो तो कनेक्टिंग रॉड. हीटर प्लग (थंड इंजिनाचा सिलिंडर आतून तापवणारा प्लग) किंवा नोझल काढा, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं फिरवा. भोकातून काय बाहेर पडतं त्यावरून पुढचं ठरेल. पाणी असेल तर हेड गॅस्केट, डिझेल असेल तर गळकं नोझल.

धूर नाही: डिझेल कुठे अडलं?

सर्वांत आधी स्टॉप. ओढायच्या केबलची गाडी असेल तर बॉनेट उघडून पंपावरचा स्टॉपचा लिव्हर स्वतःच्या हातानं मागे ढकलून बघा. केबल गंजून अर्ध्यात अडकली की डॅशबोर्डवरची मूठ आत गेलेली दिसते, पण लिव्हर बंदच्या बाजूला राहतो. चावीनं बंद होणाऱ्या गाडीत पंपावर सोलेनॉइड असतो. चावी ऑन-ऑफ केल्यावर त्यातून स्पष्ट ‘टिक्’ ऐकू आली पाहिजे. नाही आली तर त्याच्या टर्मिनलवर १२ व्होल्ट मोजा. व्होल्ट नसतील तर बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून फ्यूज लावलेली वायर थेट तिथे द्या. टिक् झाली आणि गाडी सुरू झाली, तर दोष वायरिंगचा. व्होल्ट आहेत पण टिक् नाही, तर सोलेनॉइड गेला. वाटेत अडकलात तर सोलेनॉइड काढून आतली दट्ट्या आणि स्प्रिंग बाहेर ठेवून तो परत बसवता येतो, गाडी चालते. पण मग ती चावीनं बंद होत नाही. ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडूनच बंद करावी लागते. भोकात कचरा जाऊ देऊ नका.

मग डिझेलचा प्रवाह. फिल्टरच्या तळाचा पाण्याचा बोल्ट सैल करून काचेच्या भांड्यात थोडं काढा आणि पाच मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं आणि दोन थरांमधली रेघ स्वच्छ दिसते. काळसर, चिकट तुकडे दिसले तर टाकीत बुरशी झालीय. फिल्टर बदलून थोडेच दिवस भागेल, टाकी धुवावी लागेल.

फिल्टर बदलला असेल, टाकी रिकामी झाली असेल किंवा एखादा पाइप सोडला असेल, तर लाइननं हवा धरलेली असणार. डिझेल दाबलं जात नाही म्हणून पंपाचा दाब नोझलपर्यंत जातो. मध्ये हवेचा बुडबुडा आला की दाब त्या बुडबुड्यातच जिरतो आणि नोझल उघडतच नाही. हवा काढताना टाकीपासून इंजिनाकडे यायचं:

१. टाकीत पुरेसं डिझेल आहे याची खात्री करा. काट्यावर विसंबू नका, जुन्या गाडीचा काटा खोटं सांगतो.

२. फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू दोन फेरे सैल करा, खाली फडकं धरा आणि हँड प्रायमर (हातानं दाबून डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप) मारा. आधी फेस येईल, मग थुंकल्यासारखे बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा.

३. पंपावर एअर स्क्रू असेल तर तिथेही तसंच. नसेल तर पंपाच्या रिटर्नचा (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा पाइप) बँजो बोल्ट, म्हणजे ज्याच्या आतून डिझेल वाहतं तो पोकळ बोल्ट, किंचित सैल करा.

४. नोझलच्या टोकाचे पाइपचे नट एकेक फेरा सैल करा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. प्रत्येक नटाखालून बुडबुड्याविना डिझेल आलं की तो नट आवळा. बहुतेकदा दोन सिलिंडरची हवा गेली की इंजिन धडधडत उचलतं आणि उरलेली हवा स्वतः फेकून देतं.

हे करताना हात आणि चेहरा नटांपासून लांब ठेवा. नोझल दीडशे-दोनशे बारला उघडतं. त्या दाबाची सुईसारखी धार कातडीतून आत शिरते. बाहेर फक्त टोचल्यासारखं दिसतं, आत मात्र मांस सडत जातं. असं झालं तर दुखो न दुखो, तासाभरात रुग्णालयात जा आणि डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

रोटरी पंपाच्या बँजो बोल्टबद्दल आवर्जून सांगायला हवं. बॉशच्या व्हीई पंपावर आणि त्या घडणीच्या इतर पंपांवर डिझेल आत येण्याचा आणि बाहेर जाण्याचा असे दोन बोल्ट असतात. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. पण रिटर्नच्या बोल्टच्या डोक्यावर ‘आउट’ कोरलेलं असतं आणि त्याच्या आत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं बारीक भोक असतं. पंपाच्या पोटातला दाब टिकतो तो त्या भोकामुळे. दोन्ही बोल्टांची अदलाबदल झाली की पंपात डिझेल कमी येतं आणि आतला दाबही बनत नाही. फिल्टर बदलल्यावर गाडी बिघडली असेल तर हे आधी बघा. बोल्टाखालचे तांब्याचे वॉशर दर वेळी नवे घाला. नवे मिळत नसतील तर जुने लालभडक तापवून थंड करा, म्हणजे ते पुन्हा मऊ होऊन नीट बसतात.

रोज सकाळी हवा का धरते?

गाडी संध्याकाळी ठणठणीत, सकाळी दोन-तीन दमांत सुरू होते, सुरू झाल्यावर पुन्हा काही तक्रार नाही. ही जवळजवळ नेहमीच ओढणाऱ्या बाजूची, म्हणजे टाकीतून डिझेल ओढून आणणाऱ्या नळ्यांची गळती असते. तिथे डिझेल बाहेर सांडत नाही म्हणून ती दिसत नाही. इंजिन बंद झाल्यावर हवा आत शिरते आणि डिझेल सावकाश टाकीत परततं. गाडी उतारावर तोंड खाली करून लावल्यावर तक्रार कमी होत असेल तर निदान पक्कं समजा.

फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) आधीच्या रबरी नळीच्या जागी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती बसवा आणि इंजिन चालू करा. सुरुवातीचे बुडबुडे सोडून द्या. मिनिटभरानंतरही टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे ओळीनं येत राहिले तर गळती त्या नळीच्या आणि टाकीच्या मध्ये. तिथे बुडबुडे नाहीत पण फिल्टरनंतर आहेत, तर गळती प्रायमरच्या दट्ट्यात, फिल्टरच्या ओ-रिंगमध्ये किंवा पाण्याच्या बोल्टात. रबरी नळी क्लँपच्या कडेला वाकवून बघा. उभ्या बारीक भेगा तिथेच असतात, सरळ नळीत दिसत नाहीत. टाकीच्या आत खाली जाणारा पाइप गंजून वरच्या बाजूला भोक पडलेलं असेल तर गाडी टाकी भरलेली असताना चांगली चालते आणि अर्ध्यावर आली की हवा धरते.

शंका उरलीच तर टाकीला वगळा. स्वच्छ डिझेलचा कॅन पंपापेक्षा उंच बांधा, नळी थेट पंपात द्या, रिटर्नही कॅनमध्येच सोडा. गाडी झटकन सुरू झाली आणि दुसऱ्या सकाळीही झाली, तर पंप आणि नोझल निर्दोष आहेत. या एका चाचणीनं पंप उतरवण्याचा मोठा खर्च वाचू शकतो.

इंजिनावर बसवलेल्या डायफ्रामच्या फीड पंपाचा पडदा फाटला तर डिझेल ऑईल संपमध्ये (इंजिनाच्या तळातल्या ऑईलच्या भांड्यात) उतरतं. डिपस्टिकवर ऑईल वर चढलेलं आणि पातळ, डिझेलचा वास येणारं दिसलं तर इंजिन चालवू नका. बेअरिंग जातातच, शिवाय ते ऑईल हवेच्या वाटेनं ओढलं गेलं तर इंजिन बेफाम पळतं आणि चावीनंही थांबत नाही. तेव्हा हवेचं तोंड जाड फळीनं बंद करणं हाच उपाय. हात लावू नका.

पांढरा धूर येतो, पण पेटत नाही

सकाळीच त्रास, गरम झाल्यावर नाही, तर हीटर प्लग तपासा. सगळ्या प्लगांना जोडणारी पट्टी काढा. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा आणि टोक प्रत्येक प्लगच्या माथ्यावर टेकवा. दिवा लागला नाही तर तो प्लग मेला. मीटरवर चांगला प्लग साधारण एक ओहमच्या आसपास दाखवतो. चारपैकी एक गेला तर गाडी धूर काढत कशीबशी उचलते, दोन गेले तर थंडीत आशा सोडा. सगळे प्लग ठीक असतील तर पट्टीवर चावी ऑन केल्यावर ११ व्होल्टच्या वर येतात का बघा. नसतील तर रिले किंवा मोठा फ्यूज. प्लग काढताना इंजिन कोमट असू द्या आणि आदल्या दिवशी गंजरोधक तेल सोडा. अडकला तर थोडा सैल, थोडा घट्ट असं करत काढा. तुटलेला प्लग काढायला हेड उतरवावं लागू शकतं. डायरेक्ट इंजेक्शनच्या बऱ्याच जुन्या इंजिनांत हीटर प्लग नसतातच, तिथे त्यांचा शोध घेऊ नका.

गाडी पेटावी म्हणून हवेच्या वाटेत मारतात तो ईथरचा स्प्रे मारू नका. हीटर प्लगच्या गाडीत तर कधीच नाही. तप्त प्लगवर तो अवेळी भडकतो आणि पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो.

हीटर ठीक, डिझेल स्वच्छ, सेल्फ जोमदार, एअर फिल्टर मोकळा, तरी पांढराच धूर? मग कॉम्प्रेशन मोजा, डिझेलसाठीच्या गेजनं. पेट्रोलचं गेज फुटतं. सुस्थितीत २५ ते ३० बार, २० च्या खाली थंड इंजिन पेटणं कठीण. सिलिंडरांमधला फरक चार-पाच बारच्या आत हवा. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर हेड गॅस्केट त्या दोघांमध्ये जळलेलं असतं. आदल्या दिवशी टॅपेट (व्हॉल्व्हच्या वरची फट) सेट केले असतील तर आधी तेच पुन्हा मोजा. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही.

कॉम्प्रेशन चांगलं निघालं तर नोझल बेंचवर तपासून घ्या. पंपाचं टायमिंग त्यानंतर. पंप सोडण्याआधी त्याच्या फ्लँजवर आणि इंजिनावर एकाच सरळ रेषेत छिन्नीची बारीक खूण करा, पहिला सिलिंडर वरच्या टोकाला आणा आणि गिअरच्या दातांवरच्या खुणांचा फोटो काढून ठेवा. पाइप काढल्याबरोबर प्रत्येक उघड्या तोंडाला टोपण लावा, कापसाचा बोळा नको, त्याचे धागे नोझलमध्ये जातात.